देवीच्या डोक्यावर पाय

उबोन, थायलंड, १४ ऑक्टोबर

आदरणीय भन्ते,

आई म्हणाली, असंच लिहायचं. मी आधी ‘बाबा’ लिहिलं होतं. तिनं ते मागून वाकून वाचलं आणि पान फाडायला लावलं. चीवर घातलेल्या माणसाला कुणी बाबा म्हणत नाही म्हणे. पण आता ती नूडल्सची गाडी ढकलत बाजाराकडे गेलीय, तेव्हा पुढच्या ओळीपासून मी बाबाच म्हणणार.

बाबा, माझी निवड झाली. चीनच्या अगदी वरच्या टोकाला हार्बिन नावाचं शहर आहे. तिथं दर हिवाळ्यात कॉलेजच्या मुलामुलींची बर्फाच्या शिल्पांची स्पर्धा भरते. देशोदेशीचे चौघाचौघांचे संघ येतात. प्रत्येक संघाला खोलीएवढा बर्फाचा ठोकळा देतात आणि म्हणतात, काढा यातून काय काढायचं ते. आमच्या कला विभागाचा संघ पहिल्यांदाच जातोय. मी, थनात, मालीवान आणि चांग. चांगचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, त्याच्या आकारामुळे सगळे त्याला चांग, म्हणजे हत्तीच म्हणतात. थनात म्हणजे आपल्या विहाराची झाडलोट बघणाऱ्या आजोबांचा नातू, देवळासमोरून सायकलवर जातानाही हात जोडतो आणि मग खांबावर आदळतो, तो. तोच आमचा कप्तान.

आमच्यापैकी कुणीही फ्रीजरच्या बाहेरचा बर्फ पाहिलेला नाही. विचियान सर म्हणतात, काही बिघडत नाही, उबोनच्या पोरांचा हात मेणावर बसलेला असतो आणि बर्फ म्हणजे थंड मेणच. सरांनीही बर्फ फोटोतच पाहिलाय, पण ते इतक्या खात्रीनं बोलतात की ऐकताना गार वाटतं.

मेणावरून सांगते. यंदा वर्षावासाच्या मिरवणुकीत आपल्या विहाराचा मेणाचा खांब सोम काकांनी कोरला. लोक छान म्हणाले. आईनं रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिला आणि पाकळ्या जाड झाल्यात एवढंच म्हणाली. तुमच्या कोरण्या मी घेतल्यात. विचारायला हवं होतं, पण विचारणार कुणाला?

आता खरं बोलते, उगाच नमनाला घडाभर तेल नको. पौर्णिमेला वर्षावास संपतोय. आजी गेली तेव्हा तिच्या नावानं एक वर्षावास करतो म्हणालात. लग्न झालेल्या माणसाला बायकोनं हो म्हटल्याशिवाय चीवर मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आई संघापुढे बसून हो म्हणाली. तीन महिन्यांसाठी हो म्हणाली. तो वर्षावास संपला, पुढचे दोनही संपले. हा चौथा.

लोकांचे बाप दुसऱ्या बाईकडे पळून जातात. त्यांचं बरं असतं, दारात जाऊन चार शिव्या तरी घालता येतात. माझे बुद्धाकडे गेले. मी रागावले तर पाप मला, आणि बाजारातल्या बायका आईला म्हणतात, काय पुण्यवान गं तू. पुण्यवान बाई परवा चक्कर येऊन गाडीला धरून उभी होती.

रयाँगची मावशी तिला बोलावतेय. समुद्रावर खाणावळ चालवायला तिला आईचाच हात हवाय. मावशीनं किती वेळा निरोप धाडला. आईचं एकच, ‘आणि ते आले नि दाराला कुलूप दिसलं तर?’

तर बाबा, या पौर्णिमेला येताय का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. पत्र घेऊन येणारा ट्रकवाला परत जाताना आपल्या दारावरूनच जातो. आई बरी आहे.

दुआन


उबोन, १९ नोव्हेंबर

बाबा,

आला नाहीत. उत्तरही नाही. मौनव्रत असेल तर मान हलवून तरी ट्रकवाल्याला सांगायचं होतं. तो म्हणाला, भन्तेंनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि कुटीत ठेवलं. दोन्ही हातांनी घेतलं हे आईनं त्याला पुन्हा सांगायला लावलं.

मागच्या पत्रात आई बरी आहे असं मी लिहिलं होतं. ती बरी नाहीये. आणि तुम्हाला ठाऊक नाही असं आणखी एक आहे. चीवरदानाला उबोनहून मेकाँगकाठच्या तुमच्या विहारात जी बस आली होती, तिच्यात आई होती. बायकांच्या ओळीत मागे बसली होती. तुम्ही नेहमीसारखे खाली बघत होतात. ती घरी आली आणि तिनं चुलीवर तिघांचा भात लावला. उरलेला भात सकाळी कोंबड्यांना घातला, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं.

बरं, बर्फाचं सांगते. सरांनी बर्फाच्या कारखान्यातून ट्रकभर चुरा मागवला आणि कॉलेजच्या आवारात ओतला. आम्ही लाकडी साच्यात ठेचून ठेचून भरला, साचा काढला, आणि खरंच एक पांढरा ठोकळा उभा राहिला. त्यातून धूर निघत होता. ऊन एवढं होतं की सगळं आवार डोळ्यापुढे हलत होतं, आणि मध्ये तो पांढरा, गप्प. मी हात लावला आणि काही क्षण मला कॉलेज, सर, माणसं काही ऐकूच आलं नाही. मग तो एका बाजूनं खचला. चांगनं घरून नारळाची किसणी आणली होती, ती बर्फावर सुतासारखी सरळ चालते हा आमचा मोठा शोध. चेहरा निघेपर्यंत धड वाहून गेलं. मग खालच्या वर्गातली पोरं लाल सरबताच्या बाटल्या घेऊन आली आणि आमचं शिल्प वाट्यांतून खाऊन गेली. सर म्हणाले, हरकत नाही, हार्बिनला कुणी खाणार नाही.

आम्ही धरणीमाता करणार आहोत. थनातचंच डोकं. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थावर दुष्ट मारराजा सैन्य घेऊन आला, तेव्हा जमिनीतून उठलेली, केस पिळून पूर आणणारी धरणीमाता. उभी आकृती, दोन्ही हात वर, मुठीत केसांचा जाड पीळ. चौकातल्या पाणपोईवरची लहानपणी बघितली होती ना आपण, तशी. पण ती सिमेंटची आहे आणि आमची पांढरी होणार.

मला हल्ली तीच ती स्वप्नं पडतात. मेणाचा खांब कुणी न ओढता रस्त्यातून चाललाय, माणसं नाहीत, ढोल नाहीत, आणि मेणाचा रंग हळूहळू उतरून तो पांढरा होत जातो. मी मागून चालतेय. खांबाच्या पलीकडे कुणीतरी कोरतंय, कोरणीचा आवाज येतो, भुगा माझ्या पायावर पडतो, तो गार असतो. मी वळसा घालून पलीकडे जाते तोवर खांब वळतो. जाग येते तेव्हा पाय खरंच गार असतात.

स्वप्नातला तो माणूस कोण, ते मी लिहीत नाही.

दुआन


हार्बिन, ४ जानेवारी

बाबा,

इथून टाकलेलं पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा मी घरी पोचलेली असेन. पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

सगळं पांढरं आहे. मी काही वेगळं सांगत नाहीये, बर्फ पांढरा असतो हे कुणालाही माहीत आहे. पण जमीन पांढरी, झाडं पांढरी, आणि त्यांच्यातलं अंतरही पांढरं, हे मला माहीत नव्हतं. विमानातून उतरल्यावर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाले. मालीवान रडायला लागली आणि पापण्या चिकटतील म्हणून लगेच थांबली. चांगला इतके कपडे घातलेत की त्याला गाडीत बसवायला दोघं लागतात. आईनं कुजवलेल्या माशाची चटणी बरणीत भरून दिली होती, ती गोठून दगड झालीय. आम्ही सकाळी ती करवतीनं कापून भाताबरोबर खाल्ली.

आवाज इथं फार लांब जात नाहीत. माणूस शेजारी उभा राहून बोलतो आणि वाटतं, उशीतून बोलतोय. सूर्य असतो, पण नावापुरता. चार वाजता मावळतो. मग मैदानावर दिवे लागतात आणि ठोकळे आतून उजळल्यासारखे दिसतात. रांगेनं उभे, एकाला एक चिकटलेले नाहीत, सगळे सारखे. प्रत्येकात कुणीतरी आहे आणि अजून कुणाला माहीत नाही कोण. मी आमच्या ठोकळ्याला गाल लावून उभी राहिले. सर म्हणाले, गाल चिकटेल, पोरी. मी म्हटलं, चिकटू दे. त्यांनी मला ओढून काढलं.

काम सुरू झालं. बर्फ ठेचून भरलेला, चुनखडीसारखा घट्ट, पण कोरणी लागली की मेणासारखाच निघतो. सरांचं खरं निघालं. तुमची वाकडी कोरणी इथं सगळ्यांत जास्त चालते. नियमाप्रमाणे सर दोरीच्या पलीकडे उभे. त्यांनी बर्फाला हात लावायचा नाही.

एक गंमत सांगते. बाकीचे सगळे संघ वरून सुरुवात करतात. शिड्या लावून ठोकळ्यावर चढतात, माथ्यावर उभे राहून फावड्यानं खाली ढकलतात आणि कोरत कोरत खाली येतात. आम्ही सुरुवात पायाकडून केलीय. साहजिकच आहे. देवीच्या डोक्यावर पाय देऊन कोण उभं राहणार? थनात म्हणाला, आधी तिचे पाय, मग नेसण, मग कंबर, आणि मुकुट सगळ्यांत शेवटी, शिडीवरून, बाजूनं. आम्ही कुणीच त्यात काही वेगळं मानलं नाही. शेजारच्या रशियन मुलांनी दोनदा येऊन बघितलं आणि आपसात काहीतरी बोलले. आम्हाला वाटलं, आमच्या नक्षीवर खूश आहेत.

नेसणीच्या चुण्या आणि काठावरच्या पाकळ्या मी काढल्या. पाकळ्या पातळ झाल्यात, आई बघती तर तिला आवडल्या असत्या.

दुआन


हार्बिन, ६ जानेवारी

बाबा,

देवी पडली.

काल दुपारी. खालून आम्ही कंबर एवढी कोरली होती, नेसणीच्या मागची पोकळी एवढी खोल घेतली होती, आणि वर मात्र अख्खा ठोकळा तसाच, डोकं आणि हात व्हायचे होते ते. मेणाला हे चालतं, मेण आत खांबाला धरून असतं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. कुणीतरी गादी टाकावी तसा. मी पाठमोरी होते. वळून पाहिलं तर उजवीकडचा सगळा वरचा भाग, हात, मुकुट, केस, जे काही व्हायचं होतं ते सगळं, जमिनीवर ढीग होऊन पडलं होतं. कुणाला लागलं नाही. मालीवान क्षणापूर्वीच चहा आणायला गेली होती.

थनात गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बर्फाला कपाळ टेकलं. तो उठेचना. सर दोरीपलीकडून हाका मारत होते. तो म्हणाला, देवी रागावली, आता हात लावायचा नाही. चांगनं त्याच्या शेजारी बसून शांतपणे सांगितलं, रागावली नाही, आपण वर चढलो नाही म्हणून पडली, त्या रशियनांनी बघ सगळं वजन आधी उतरवलंय. थनात म्हणाला, मग तू चढ. चांग वर बघत राहिला. हत्ती झाला तरी देवीच्या डोक्यावर पाय ठेवायची त्याचीही छाती होईना. मालीवान चहा घेऊन आली आणि पेले हातात धरून तशीच उभी. चहा गोठला. दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक येणार होते.

मी उरलेल्या ठोकळ्याकडे बघत होते. बाबा, हे कसं सांगू? मेणात तुम्हाला दिसायचं ना, तुम्ही म्हणायचात, थांब, आत कुणी बसलंय. मला तसं दिसलं. उभं राहण्याएवढी उंची आता नव्हती. हात वर करायला जागा नव्हती. पण डावीकडे उरलेल्या तुकड्यात एक बाई बसलेली होती, मान एकीकडे वळवून, खांद्यावरून पुढे घेतलेले केस दोन्ही मुठींत धरून. मागच्या अंगणात, रांजणापाशी. अंगाला नेसण गुंडाळून न्हायला बसलेली.

मी म्हटलं, देवी गेली. आता आहे ती देवी नाही, आपण तिच्यावर चढू शकतो. थनातनं मान वर केली. “मग कोण आहे?”

“माझी आई.”

“म्हणजे आणखीच वाईट,” तो म्हणाला. “आईच्या डोक्यावर पाय देशील?”

हे त्याचं बरोबरच होतं. देवी एक वेळ क्षमा करेल. मग चांगच म्हणाला, देवीला विचारता येत नाही, आईला येतं. त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन लावला. दुपारची गर्दीची वेळ, आईनं बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा मागे पळीचा आवाज येत होता. फोनचा आवाज मोठा करून आम्ही सगळे त्याभोवती डोकी घालून उभे राहिलो.

“आई, तुझ्या डोक्यावर पाय ठेवू का?”

पळी थांबली. “काय ठेवू?”

“पाय. बर्फाची बाई आहे. ती तू आहेस. वर चढल्याशिवाय होणार नाही.”

“अगं, मला कशाला नेलंस त्या थंडीत? दुसरी कुणी मिळाली नाही?”

“नाही मिळाली.”

“अंगावर धड नेसलेलं आहे ना माझ्या?”

“आहे. न्हायला बसलीयस.”

आईनं पळी पुन्हा चालू केली. मग म्हणाली, “ठेव. नऊ महिने पोटात लाथा घालत होतीस, तेव्हा कुणाला विचारलं होतंस? थनातला सांग, मी सांगितलंय म्हणून. आणि मोजे दोन घाल.” मागून कुणीतरी तिखट कमी घाला म्हणालं आणि तिनं फोन ठेवला.

थनातनं डोळे पुसले आणि शिडी धरली. मी खाली उभी राहून हात जोडले, क्षमा मागितली, आणि चढले.

वर आधी एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. वरून सगळं मैदान दिसत होतं. पांढरी माणसं, पांढरे घोडे, अर्धे झालेले, चेहरे नसलेले. धुकं आलं होतं, त्यात खालचे आमचे तिघं हळूहळू पुसट होत होते, आणि मी एकटीच उंचावर. तेव्हा मला मिरवणुकीचा दिवस आठवला. मला दिसत नव्हतं म्हणून तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतंत. आजी केवढी ओरडली होती, पोरीची जात पुरुषाच्या डोक्यावर बसवतोस, तुझं सगळं पुण्य उतरेल. तुम्ही म्हणालात, उतरू दे, उरेल तेवढं पुरे. आणि माझे दोन्ही पाय छातीशी धरून ठेवलेत. मेणाचा खांब माझ्या डोळ्यांसमोरून गेला, अगदी समोरून, मी हात लांब केला असता तर लागला असता.

तुम्हाला हे आठवतं का, ते मला विचारायचं होतं. मग मी फावडं चालवलं.

खांदे निघाले, मग मान. बर्फ जिथं तुटला होता तिथं चेहरा सरळ ठेवता येत नव्हता, मान वळवावीच लागली. आम्ही दिव्यांच्या उजेडात काम केलं, आणि आज उजाडल्यावरही. चांगनं किसणीनं पाठ गुळगुळीत केली. केसांचा पीळ थनातनं काढला, एकेक बट. चेहरा मी. घंटा झाली तेव्हा मी तिच्या हनुवटीखाली होते आणि माझी बोटं कुठं संपतात ते मला कळत नव्हतं.

दुसरा क्रमांक मिळाला. पहिला रशियनांना. थनातचं म्हणणं, देवी असती तर पहिला होता. परीक्षकांपैकी एका म्हाताऱ्या बाईंनी दुभाष्याकडून विचारलं, ही कुठली देवता? चांग म्हणाला, नूडल्स विकते. त्या हसल्या आणि बराच वेळ तिच्या मानेकडे बघत राहिल्या. मीही मग लांब जाऊन पाहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरच्या अंगणात तुमच्या येण्याचा रस्ता त्याच बाजूला आहे.

दुआन


उबोन, २७ फेब्रुवारी

बाबा,

फोटो मी आल्याबरोबर दाखवला नव्हता. चषक दाखवला, बोटांची सालं निघालेली दाखवली. बाजारातल्या बायकांना आईनं चषक नूडल्सच्या गाडीवर ठेवून दाखवला, त्यात आता ती पळ्या ठेवते. फोटोचं मी टाळत होते. शेवटी चांगनंच मोठा करून चौकटीत घालून आणून दिला, त्याला कुठं काय कळतं.

आईनं चौकट दोन्ही हातांत धरून उजेडात नेली. आधी नेसण तपासली. पाकळ्या पातळ आहेत, म्हणाली. मग बघतच राहिली. कोंबड्या पायात आल्या तरी हलली नाही.

“ही कुणाची वाट बघतीय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, बर्फ तसा तुटला होता, म्हणून मान वळवावी लागली.

“मी अशी दिसते?”

मी कोंबड्या हुसकत राहिले, बाबा. ती म्हणाली, “म्हणजे बाजारात सगळ्यांना दिसतं.” चौकट तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि गाडी घेऊन गेली. संध्याकाळी आल्यावर विचारलं, माघी पौर्णिमा कधी आहे?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण अर्धंच. पौर्णिमेला सकाळी विहाराच्या झाडांखाली जी माणसांची ओळ लागली होती, तिच्यात आम्ही दोघी होतो. तुम्ही भिक्षूंच्या रांगेत चौथे होतात. बारीक झालात. पाय मातीच्या रंगाचे झालेत. आईनं तुमच्या पात्रात भात घातला, केळीच्या पानातला मासा घातला. तिथं बोलायचं नसतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी ती बोलली, हळू, शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

“भन्ते, मी तीन महिने दिले होते. उरलेलं आज देते.”

तुमची नजर पात्रात होती. झाकण पात्रावर एकदा वाजलं, तेवढं मी ऐकलं. मग रांग पुढे सरकली आणि तुम्हीही सरकलात.

तुम्हाला ठाऊक नाही ते पुढचं. आई रडेल म्हणून मी तिचा दंड धरून ठेवला होता. ती रडली नाही. तिनं डबा खांद्यावरच्या पंच्यानं कोरडा केला, चपला शोधून पायात घातल्या आणि म्हणाली, “भूक लागली गं. कधीची लागलीय.” फाटकाबाहेर आम्ही भाजलेली कोंबडी आणि चिकट भात घेतला, झाडाखाली बसलो. झाडाची पानं गळत होती, धुक्यात मेकाँगचं पाणी दिसत नव्हतं, पलीकडचा किनारा तर नव्हताच. आईनं भाताचे गोळे करून चटणीत बुडवून बुडवून एवढं खाल्लं की विकणारी बाई हसायला लागली. आईही हसली. मग सांगू लागली, रयाँगला समुद्र कसा आहे, मावशीचं मासे तळायचं कसं चुकतं, तिला एकदा नीट शिकवायला हवं. महिनाअखेर जातेय ती. कोंबड्या सोम काकांना दिल्या. मी वसतिगृहात राहीन.

मी तिला असं जेवताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझ्या घशाखाली एक घास उतरला नाही आणि मी तिथंच, त्या बाईच्या शेगडीसमोर, रडत बसले. आईनं विचारलं, तुला काय झालं? मला तेव्हा सांगता आलं नाही.

आता सांगते. बायकोला विचारतात. आईबापांना विचारतात. संघापुढे बसवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात. मुलीला विचारत नाहीत. तेव्हा मी विहाराच्या खांबामागे उभी होते, तुमचे कापलेले केस ज्यात घेतले ते कमळाचं पान हातात धरून, आणि माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. परवा आईनं दिलं ते तिचं दिलं. ते आता तुमचं झालं, आणि तिचंही. माझं मी अजून कुणाला दिलेलं नाही.

मी येत्या पौर्णिमेला पुन्हा येईन, एकटी. बायकांच्या ओळीत मागे बसेन. तुम्ही वर बघा अगर बघू नका, पण मला एकदा विचारा, बाबा. मी हो म्हणेन.

दुआन